आवाज डोक्याबाहेर काढण्याचा खटाटोप : प्रकल्प नोंदी

आमचा हॉल आणि आईची खोली यांच्यात एकच भिंत आहे. रात्री साडेदहानंतर स्पीकर लावायची सोय नाही, आणि मला सिनेमा बघायला वेळ मिळतो तो साडेदहानंतरच. म्हणून हा उद्योग. हेडफोन घालून पाच-सात स्पीकर लावल्यासारखं खरंच वाटू शकतं का, हे बघायचं होतं. कसोट्या दोनच ठेवल्या. डोळे मिटून आवाज समोरून आला की मागून हे सांगता आलं पाहिजे, आणि आवाज टाळूच्या आत न वाटता खोलीत वाटला पाहिजे. कुणाला हेच करायचं असेल तर माझ्या चुका वाचून निदान तीन रविवार वाचतील.

६ एप्रिल, रविवार

हेडसेट आला. २३०० रुपये. खोक्यावर हातभर अक्षरांत ७.१ (सात दिशांचे सात चॅनेल आणि एक खर्जाचा). कंपनीचं नाव लिहीत नाही, या किमतीतले बहुतेक एकाच माळेचे मणी असावेत. पहिला अर्धा तास मी खूश. हेलिकॉप्टर डोक्याभोवती फिरलं, पाऊस पडला. बायकोने विचारलं, "फिरलं म्हणजे कुठून कुठे गेलं?" डावीकडून उजवीकडे गेलं एवढं नक्की सांगता आलं. समोरून गेलं की मागून, ते सांगता येईना.

मग रीतसर चाचणी ठरवली. अर्ध्या सेकंदाचा खरखराट, वीस वेळा. दहा वेळा समोरच्या चॅनेलवर, दहा वेळा मागच्या. क्रम चिठ्ठ्या टाकून. बायको बटण दाबणार, मी डोळे मिटून सांगणार, ती वहीत लिहिणार. वीसपैकी अकरा बरोबर. नाणं उडवलं असतं तरी दहा आलेच असते.

१२ एप्रिल, शनिवार

हेडसेट उघडला. गादी ओढून काढली, चार स्क्रू, आत एका बाजूला एकच ड्रायव्हर (आवाज काढणारा छोटा स्पीकर), ५० मिलिमीटरचा. दुसऱ्या बाजूलाही तेच. हा काही दोष नव्हे, कानही दोनच आहेत. प्रश्न एवढाच की आठ चॅनेलचे दोन करताना हेडसेटबरोबर आलेला तो यूएसबीचा डोंगल काय करतो.

डोंगलचा जॅक जुन्या डेस्कटॉपच्या निळ्या लाइन-इनमध्ये घातला आणि एकेका चॅनेलवर एकच टिचकी सोडून रेकॉर्ड केली. डावा-बाजूचा आणि डावा-मागचा चॅनेल शेजारी ठेवून बघितले. दोन कानांमधला वेळेचा फरक दोन्हीकडे अगदी सारखा. मागच्यात आवाज जरा कमी आणि थोडा घुमारा वाढवलेला, बस्स. खऱ्या डोक्यावर असं होत नाही. ९० अंशांवरून येणारा आवाज लांबच्या कानाला साधारण ०.६५ मिलिसेकंद उशिरा पोचतो, म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुने घेणाऱ्या रेकॉर्डिंगमध्ये ३१ नमुने. १५० अंशांवरून आला तर जेमतेम पाव मिलिसेकंद, १२-१३ नमुने. मात्र समोरच्या ३० अंशांवरूनही फरक तेवढाच, पाव मिलिसेकंद! म्हणजे वेळेचा फरक अगदी बरोबर दिला तरी समोर आणि मागे वेगळं ओळखता येणार नाही. ती ओळख कानाच्या पाळीच्या वळ्यांमुळे वरच्या पट्टीत पडणाऱ्या खाचांवरून होते, नाहीतर मान हलवून. हा डोंगल दोन्हीपैकी काहीच करत नाही.

हेडसेट ओळखीच्या एका मुलाला १२०० ला दिला. त्याला गेम खेळताना बोलायला माइक हवा होता, तो चांगला आहे.

१३ एप्रिल, रविवार

फुकटातला मार्ग. विंडोजवर इक्वलायझर एपीओ (संगणकातून बाहेर पडणारा आवाज बदलू देणारा प्रोग्रॅम) आणि त्यावर हेसुवी (अनेक चॅनेलचे हेडफोनसाठी दोन करणारा). दोन्ही मोफत. हेसुवीत वेगवेगळ्या पद्धतींनी घेतलेल्या कानांच्या फायलींची (कुठल्या दिशेचा आवाज कानाशी कसा बदलून पोचतो याच्या नोंदींची) लांबलचक यादी येते. माझे जुने वायरवाले, उघड्या पाठीचे हेडफोन घातले आणि एकेक ऐकत बसलो.

चूक पहिली : विंडोजमधला 'स्पेशियल साउंड'चा पर्याय आधीपासून चालू राहिला होता. म्हणजे एकदा विंडोजने गोल फिरवलेला आवाज हेसुवी पुन्हा गोल फिरवत होतं. दोन तास मी 'सगळंच विहिरीत बोलल्यासारखं का वाटतंय' म्हणत बसलो होतो. दोन्हींपैकी एकच चालू ठेवा.

चूक दुसरी : सलग चार तास ऐकणं. तासाभरानंतर सगळंच बरं वाटू लागतं. आता नियम केलाय, एका बैठकीत चार फायली, मग चहा.

सगळ्यांत बरी निघाली तिच्यावर वीसपैकी तेरा. बाजूचे आवाज खरंच बाहेर गेले, हातभर लांब. समोरचा मात्र कपाळावर. समोर बसलेला माणूस बोलतोय असं न वाटता, कुणीतरी माझ्या भुवयांच्या मधे बसून बोलतंय असं वाटतं. दुसऱ्याचा चष्मा घातल्यासारखं आहे हे. दिसतं, पण डोकं धरतं. कान दुसऱ्याचे आहेत तोवर हे असंच राहणार, अशी माझी समजूत झाली. (पुढे ही समजूत अर्धीच खरी निघाली.)

१९ एप्रिल, शनिवार

आपल्याच कानांची फाइल बनवायची ठरली. कानाच्या भोकाच्या तोंडाशी बारीक माइक बसवायचा, समोर स्पीकर ठेवायचा, खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत सरकत जाणारा आवाज वाजवायचा आणि कानाशी काय पोचतं ते टिपायचं. त्यासाठी इम्पल्सिफर नावाचा मोफत पायथन प्रोग्रॅम आहे.

तपकीर गल्लीत गेलो. "कंडेन्सर द्या" म्हटल्यावर दुकानदाराने न बघता विचारलं, "माइकचा का पंख्याचा?" माइकचा. ६ मिलिमीटरचे दहा घेतले, १५ रुपयाला एक. दोन लागतात, दहा घ्या. त्यांच्यात आपापसांत दोन-तीन डेसिबलचा फरक असतो, त्यातून जुळी जोडी निवडलेली बरी. शिवाय काही जळतात. (माझे तीन जळले.) ९ व्होल्टची बॅटरी, तिची टोपी, रेझिस्टर, कपॅसिटर, बारीक शील्ड वायर, जॅक असं सगळं २१० रुपये. मेडिकलमधून कानात घालायचे फोमचे बोळे, ६० रुपये.

इतक्या स्वस्त माइकने मापायचं म्हणजे थट्टा वाटते, मलाही वाटली होती. पण त्याच माइकने, त्याच जागी, आधी स्पीकर आणि मग हेडफोन असं दोन्ही मापलं की माइकचा स्वतःचा दोष वजाबाकीत निघून जातो. एकाच खोट्या तराजूवर दोन्ही पारडी तोलल्यासारखं. त्यामुळे महाग माइकची गरजच उरत नाही.

२० एप्रिल, रविवार

डाग देण्यात दिवस गेला. कॅप्सूलच्या (म्हणजे त्या बारीक माइकच्या) दोन टोकांपैकी एक बाहेरच्या डबीला जोडलेलं असतं, ते ग्राउंड. मी पहिल्याच माइकला उलटं जोडलं. दुसऱ्या आणि तिसऱ्यावर सोल्डरिंगची इस्त्री चार-पाच सेकंद टेकवून ठेवली. आत बारीक ट्रान्झिस्टर असतो, तो गेला. चौथ्यापासून जमलं ते असं : आधी वायरला टिन लावून ठेवायचं, कॅप्सूल ओल्या स्पंजवर उपडी ठेवायची, आणि एका सेकंदात डाग देऊन इस्त्री उचलायची.

फोमच्या बोळ्याला मधोमध तापलेल्या सुईने भोक पाडलं, वायर बाहेर ओढली, कॅप्सूल बोळ्याच्या तोंडात बसवली. कॅप्सूलचं तोंड कानाच्या भोकाच्या पातळीत यायला हवं. बाहेर डोकावली तर पाळीच्या खाचा बदलतात.

२७ एप्रिल, रविवार

पूर्ण दिवस वाया. २६० रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड आणलं होतं, माइक त्यात घातले, दोन्ही कानांच्या लाटा तंतोतंत सारख्या. मला वाटलं वायर कुठेतरी एकमेकींना चिकटलीय. सगळं उकलून पुन्हा डाग दिले. तरी तेच. संध्याकाळी पाच वाजता कळलं की या स्वस्त कार्डांचा माइक-इन मोनो असतो. एकच माइक दोन्ही चॅनेलवर छापतात. डेस्कटॉपचं निळं लाइन-इन स्टिरिओ आहे, पण तिथे माइकचा आवाज इतका क्षीण की सूर कमी आणि सळसळ जास्त.

एकांकिकांना साउंड करणाऱ्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, "माझा दोन चॅनेलचा इंटरफेस घेऊन जा, स्पीकरची जोडीही ने. पण त्यावरचं ४८ व्होल्टचं बटण दाबलंस तर तुझ्या पंधरा रुपयांच्या माइकचा फटाका होईल." इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारं खोकं) आणला आणि मोठ्या माइकना वीज पुरवणाऱ्या त्या बटणावर चिकटपट्टी लावली.

१ मे, गुरुवार

सुट्टी. पहिलं माप. त्याआधीची रात्र पायथनमध्ये गेली. मी सगळ्यांत नवी आवृत्ती टाकली होती, लागत होती जुनी. सूचनांत लिहिलेलं होतं, वाचलं नव्हतं.

पंखा बंद, खिडक्या बंद, पुण्यातला मे. दहा मिनिटांत कानात घाम आला आणि उजवा बोळा हळूहळू बाहेर सरकला. तिसऱ्या वाजवणीत शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी. पाचव्यात कोकीळ, तिला खिडक्या बंद असल्याचं काही सोयरसुतक नाही. एवढं करून आलेख काढला तर ८ किलोहर्ट्झच्या पुढे करवतीचे दात. विंडोजमधलं माइकचं 'नॉइज सप्रेशन' चालू राहिलं होतं. सरकत्या सुराला गोंगाट समजून ते तो खात होतं. सगळं फेकलं.

४ मे, रविवार

पहाटे पाचला उठलो. कोकीळ सोडली तर शांतता असते आणि पंख्याशिवाय बसता येतं.

आमच्या हॉलमध्ये फरशी आणि उघड्या भिंती, टाळी वाजवली तर उत्तर येतं. स्पीकरच्या मागच्या आणि बाजूच्या भिंतींवर आईच्या चार गोधड्या टांगल्या, खाली सतरंजी आणि गादी. घुमारा निम्म्यावर आला. आईने उठून बघितलं आणि काही न बोलता चहा टाकायला गेली.

स्पीकर दोनच असले तरी सातही दिशा घेता येतात. फिरती खुर्ची मधोमध, स्पीकर डावी-उजवीकडे ३० अंशांवर. तोंड समोर ठेवून पुढचे दोन. मग खुर्ची उजवीकडे १२० अंश फिरवायची. आता उजवा स्पीकर आपल्या डाव्या बाजूला ९० अंशांवर येतो आणि डावा स्पीकर डाव्या पाठीमागे १५० वर. तसंच डावीकडे फिरून. मधला चॅनेल घ्यायला एका स्पीकरकडे सरळ तोंड करायचं. फरशीवर खडूने रेघा मारल्या आणि नाकाच्या रेषेत यावा म्हणून चष्म्याच्या मधोमध ओळंबा लटकवला. ओळंबा म्हणजे दोऱ्याला बांधलेला नट.

सगळं छान झालं. मग मी कानातले माइक काढले, नाश्ता केला, आणि हेडफोनचं माप घ्यायला माइक पुन्हा कानात घातले. इथे माती खाल्ली. माइक मिलिमीटरभर जरी इकडेतिकडे बसला तरी वरच्या पट्टीची वजाबाकी चुकते. स्पीकरची सगळी मापं आणि हेडफोनचं माप, माइक एकदाही न काढता, एका दमात घ्यायची. ऐकून बघितलं तर डावा कान ठीक, उजव्यात कुणीतरी पत्रा वाजवतंय.

११ मे, रविवार

तिसरा प्रयत्न, पहाटे सव्वापाच ते सहा. एका दमात. हेडफोनचं माप पाच वेळा, दर वेळी हेडफोन काढून पुन्हा घालून. ८ किलोहर्ट्झच्या वर प्रत्येक वेळी आलेख थोडा वेगळा येतो. पाचांतला मधला वाटला तो ठेवला. इम्पल्सिफरने फाइल बनवली, ती हेसुवीच्या फोल्डरमध्ये टाकली. सगळीकडे ४८ हजार.

त्याच खुर्चीत, त्याच जागी बसून गाणं लावलं. तबला डाव्या स्पीकरमधून येत होता. मी चटकन हेडफोन काढला, कारण मला वाटलं स्पीकर चालूच राहिलाय आणि आई उठेल. खोलीत चिडीचूप. पुन्हा घातला, पुन्हा तबला स्पीकरमध्ये, साडेसहा फुटांवर, गोधडीच्या अलीकडे. हे मी सकाळभर दहा-बारा वेळा केलं असेन. एकदा उठून स्पीकरच्या जाळीला कान लावायला गेलो आणि दोन पावलांतच तबला माझ्याबरोबर चालायला लागला. तिथे गंमत संपली.

चाचणी : वीसपैकी अठरा.

दुपारी आईवर प्रयोग. सकाळी स्वयंपाकघरात ओट्याशी उभा राहून कानातल्या माइकने वीस मिनिटं रेकॉर्ड केलं होतं : फोडणी, पातेली, मागून येणारी बायको, कुकर. आईला हॉलमध्ये बसवून हेडफोन घातला. ती शांतपणे ऐकत होती. तिसऱ्या शिट्टीला तिने हेडफोन तसाच ठेवून आत हाक मारली, "अगं, बंद कर गॅस, तीन झाल्या!" बायको गॅलरीत कपडे वाळत घालत होती. गॅस सकाळीच बंद झालेला. आणि मजा म्हणजे कान माझे होते, आईचे नव्हते! घर मात्र तिचं होतं, आणि शिट्टी कुठून येणार हे तिला चाळीस वर्षं पाठ आहे. हे वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

१८ मे, रविवार

अठरा गुणांचा माज उतरला. दोन कारणांनी.

एक. बायको म्हणाली, "तू जागा ओळखतोयस की आवाज?" म्हणजे मागचा खरखराट जरा दबका, समोरचा जरा टोकदार, चार-पाच वेळा ऐकलं की कान तेवढंच पाठ करतो आणि दिशेचा पत्ता नसताना बरोबर उत्तर देतो. शंका रास्त होती. म्हणून दर वेळी वेगळ्या रंगाचा खरखराट केला, कधी वरची पट्टी छाटलेला, कधी खालची, अंदाधुंद क्रमाने. आता सोळा. आधीच्या त्या बऱ्या वाटलेल्या फायलीवर याच पद्धतीने अकरा. म्हणजे माझ्या तेरातले दोन गुण कॉपीचे होते. ही चाचणी कुणी करणार असेल तर पहिल्या दिवसापासून अशीच करा.

दोन. तीच फाइल, तेच हेडफोन, बेडरूममध्ये ऐकलं. आवाज आक्रसून गालांपाशी आला. फायलीतला घुमारा हॉलचा, डोळ्यांना दिसतं कपाट आणि पलंग. डोकं हे मान्य करत नाही. हॉलमध्ये परत आलो, दिवा बंद केला : थोडा जवळ. दिवा लावून स्पीकर समोर दिसू लागले की पुन्हा लांब. न वाजणारे स्पीकर समोर ठेवले की आवाज त्यांच्यातून येतो. तेव्हापासून मित्राचे स्पीकर मी परत केलेले नाहीत. बंद स्थितीतच ते मला लागतात, हे त्याला कसं सांगावं कळत नाही.

२५ मे, रविवार

पाऊस मे महिन्यातच. पत्र्याच्या शेडवर असा धो धो की मापाचा प्रश्नच नाही. म्हणून राहिलेलं काम काढलं : मान वळवली तर आवाज जागेवर राहिला पाहिजे.

एमपीयू-६०५० हा हालचाल मोजणारा सेन्सर (१८० रुपये) आणि ईएसपी-३२ हा वायफायवाला छोटा बोर्ड (४५०) हेडफोनच्या पट्टीवर बांधले. बोर्ड वायफायवरून कोन पाठवतो; रीपर या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये आयईएम या संस्थेचे मोफत प्लग-इन चालतात, त्यातला सीनरोटेटर तेवढा देखावा उलट फिरवतो, आणि बायनॉरलडिकोडर कानांसाठी दोन चॅनेल काढतो. अडचण अशी की हा डिकोडर नॉयमानच्या केयू-१०० या पुतळ्याच्या डोक्याचे कान वापरतो. माझे कान यात बसत नाहीत. म्हणजे निवड करायची : स्वतःचे कान आणि खिळलेली मान, की पुतळ्याचे कान आणि मोकळी मान.

पहिल्यांदा चिन्ह उलटं लागलं. मान उजवीकडे वळवली की खोलीही दुप्पट वेगाने उजवीकडे. एका मिनिटात मळमळलं. चिन्ह बदललं. मग दहा मिनिटांत समोरचा आवाज सरकत सरकत खिडकीत गेला. या सेन्सरमध्ये होकायंत्र नाही, त्यामुळे आडवा कोन हळूहळू वाहवत जातो. होकायंत्र असलेला बीएनओ-०५५ मागवला, २१०० रुपये.

१ जून, रविवार

बीएनओ बसवला तो डाव्या कानाच्या कपावर, वायर सोयीची म्हणून. उत्तर दिशा वाट्टेल तिकडे. कारण कपात ड्रायव्हरचं चुंबक! सेन्सर पट्टीच्या मधोमध, टाळूवर नेल्यावर बरंच थाऱ्यावर आलं. तरी दर अर्ध्या तासाने 'हे समोर' असं बटण दाबून सांगावं लागतं.

ब्लूटूथ हेडफोनवरही करून बघितलं, करू नका. आवाज पोचायलाच उशीर, त्यामुळे मान आधी वळते आणि खोली मागून फरफटत येते. मान वळण्यापासून आवाज बदलेपर्यंत ६०-७० मिलिसेकंदांच्या आत काम झालं पाहिजे, आणि ते वायरवरच जमतं.

पुन्हा तीच रंग बदलणारी चाचणी, फक्त खरखराट दोन सेकंदांचा आणि मान हलवायची मुभा. वीसपैकी वीस. पुतळ्याच्या कानांनी! हलकासा झोका दिला तरी पुरतो. आवाज मानेबरोबर डावीकडे सरकला की उजवीकडे, एवढ्यावरून समोर-मागे लगेच ठरतं. मी दीड महिना ज्या पाळीच्या खाचांच्या मागे होतो, त्यांची इथे गरजच पडली नाही.

लांबी मात्र गेली. आवाज डोक्याबाहेर आहे, पण हातभरच. आयईएमच्याच रूमएन्कोडरमध्ये हॉलची मापं भरली, ४.६ बाय ३.३ मीटर, उंची २.८. भिंतींचे पडसाद आले आणि आवाज चार-पाच फुटांवर गेला. गोधड्या लावलेल्या हॉलची खरी फाइल अजूनही याच्यापेक्षा खरी वाटते.

हे सगळं आधी वाचलं असतं तर बरं झालं असतं. बेगॉल्ट, वेन्झेल आणि अँडरसन यांचा २००१ चा प्रयोग नेमका यावरच आहे. बोलण्याच्या आवाजावर त्यांनी तिन्ही गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या. मान हलवू दिल्याने समोर-मागची गल्लत कमी झाली, घुमाऱ्याने आवाज डोक्याबाहेर गेला, आणि स्वतःचे कान की परके, याने फार फरक पडला नाही. माझा हॉल तेच सांगतोय, फक्त मला सांगायला आठ आठवडे लागले. स्वतःचे कान आणि मोकळी मान दोन्ही देणारं यंत्रही आहे, स्मिथ रिअलायझर. डावीकडे, समोर आणि उजवीकडे बघून मापं घेतं आणि मधले कोन भरून काढतं. ते माझ्या खिशाबाहेरचं.

८ जून, रविवार

माझी फाइल इतरांना ऐकवली. बायकोला समोरचे सगळे आवाज छताला लागलेले वाटले. वरच्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या मुलाला फरक कळेना, तो म्हणाला, "काका, भारी आहे, पण बास कमी आहे." १९९८ च्या एका डच प्रयोगात लोकांच्या कानांच्या पाळीत साचे बसवून त्यांची वर-खालची ओळख बिघडवली होती, आणि काही आठवड्यांत ती परत जमली. साचे काढले तर जुनी ओळखही शाबूत. हे बायकोला सांगून बघितलं. माझे कान सहा आठवडे घालायची तिची तयारी नाही.

हिशोब. हेडसेट २३००, कॅप्सूल १५०, वाया गेलेलं साउंड कार्ड २६०, वायर-बॅटरी वगैरे २१०, बोळे ६०, सेन्सर आणि बोर्ड २७३०. एकूण ५७१०, त्यातून हेडसेटचे १२०० परत. इंटरफेस आणि स्पीकर उसने. वेळेचा हिशोब बायकोकडे आहे.

सध्याची व्यवस्था : रात्री सिनेमा हॉलमध्येच, स्वतःच्या कानांच्या फायलीवर, स्पीकर समोर ठेवून आणि दिवा मंद ठेवून. मान फारशी हलवत नाही. पडदा समोरच असतो, तशी गरज पडत नाही. मागचे चॅनेल चोख वाजतात. काल रात्री मागे दार वाजलं म्हणून वळून बघितलं, सिनेमातलं होतं. पुन्हा वाजलं, मी हसून सोडून दिलं. ती आई होती, पाणी प्यायला उठलेली, आणि दार तिसऱ्यांदा वाजवून तिने विचारलं की गोधड्या भिंतीवरून कधी उतरणार, पावसाचा गारठा सुरू झालाय.

उतरवल्या. आता हॉल पुन्हा घुमतोय आणि फाइल त्याच्याशी जुळत नाही. पुढच्या रविवारी, पाऊस नसेल तर, पहाटे पाचला नवीन माप.